तळे राखायचे कोणी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, "लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलात, तर तिकडचे काही सांगा." तिकडची मोठाली दुकाने आणि तिकडचा बर्फ यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी आज एका गावाची, त्यातल्या चार तळ्यांची आणि ती तळी सांभाळणाऱ्या घरमालकांच्या संस्थेची हकिगत सांगणार आहे. आपण ठाण्याच्या बायका. तळ्याची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

गावाचे नाव रेस्टन. व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टन शहरापासून मोटारीने तासाभराच्या आत पोहोचता येते. रॉबर्ट सायमन नावाच्या गृहस्थांनी 1961 साली तेथे 6,750 एकर जमीन घेतली. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध संगीतगृह कार्नेगी हॉल त्यांच्या घराण्याकडे होते. ते विकून आलेला पैसा त्यांनी या जमिनीत घातला. 1964 साली गाव वसले. सायमन यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन गावाचे नाव ठेवले आणि पहिल्या तळ्याला पत्नीचे नाव दिले, ॲन. पुढे आणखी तीन तळी झाली. त्यांतल्या एकाला लेखक थोरो यांचे आणि दुसऱ्याला पक्ष्यांची चित्रे काढणारे ऑड्युबन यांचे नाव आहे. चौथे न्यूपोर्ट.

आता ऐका, खरी गंमत पुढेच आहे. साठ हजारांवर वस्तीच्या या गावाला स्वतःची नगरपालिका नाही. शाळा आणि पोलीस जिल्ह्याकडे. पण पायवाटा, पोहण्याचे तलाव, झाडी आणि ही चार तळी घरमालकांच्या संस्थेकडे, म्हणजे रेस्टन असोसिएशनकडे आहेत. प्रत्येक घराने वर्षाची वर्गणी भरायची आणि त्या वर्गणीतून हे सगळे राखायचे. संस्थेत पगारी माणसे आहेत, नाही असे नाही. पण वर्गणी किती घ्यायची, कोणते काम आधी करायचे हे ठरवते ते नऊ जणांचे निवडून आलेले संचालक मंडळ. त्याच्या जोडीला सभासदांच्या समित्या. या समित्यांतली माणसे नोकरी सांभाळून, मुलांना झोपवून संध्याकाळच्या बैठकीला येतात, तीही बिनपगारी.

तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमळे आणि बदके येतात. पण गावातले तळे हे एका अर्थी गावाची मोरी असते, हे मला तिकडे कळले. पाऊस पडला की छपरांवरचे, रस्त्यांवरचे, बागांतले पाणी उताराने तळ्यात येते. येताना माती आणते, पालापाचोळा आणते, हिरवळीला घातलेले खतही आणते. माती तळाशी बसते आणि तळे वर्षावर्षाने उथळ होत जाते. खताने शेवाळ माजते. ते शेवाळ मरून कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगू लागतात. म्हणून काही वर्षांनी यंत्रे लावून गाळ उपसावा लागतो. बांध आणि सांडवा तपासावा लागतो. ही कामे फार खर्चाची आणि दिसायला काहीच नसलेली. नवा बाक बसवला तर त्यावर पाटी लागते. उपसलेल्या गाळावर कोण पाटी लावणार?

तळ्याची तपासणी मात्र घरगुती माणसालाही करता येते. ताटाएवढी, काळ्यापांढऱ्या रंगाची एक थाळी असते. अशा थाळीची कल्पना सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 साली काढली. दोरीला बांधून ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. बस्स. पण हे काम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षे केले पाहिजे. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नाही. दहा वर्षांचे आकडे ओळीने मांडले म्हणजे तळे सुधारते आहे की बिघडते आहे ते दिसते. स्वयंपाकघरात रोजचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता निवडणुकीकडे येते. तळ्याचा पैसा ज्यांच्या हाती द्यायचा, त्यांना निवडायचे कसे? तेथे घरामागे एक मत. वसंत ऋतूत मतदान होते. मतपत्रिका घरपोच येते किंवा संगणकावरून मत देता येते. म्हणजे उन्हातान्हात रांग नाही, सुट्टी घ्यायला नको. तरीसुद्धा निवडणूक ग्राह्य धरायला शंभरांतल्या दहांनी मत द्यावे लागते, एवढी लहानशी अट आहे, आणि ती पुरी होण्यासाठी कार्यकर्त्यांना पुनःपुन्हा आठवण करावी लागते! शिकलेसवरलेले गाव, घरबसल्या मतदान, आणि दहांची वानवा. मला आधी नवल वाटले. मग मनाशी म्हटले, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच चार खुर्च्यांवर पुन्हा भरते, तेव्हा आपण कुठे वेगळे आहोत?

मत न दिल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. 2015 साली रेस्टनमध्ये एक प्रश्न सभासदांपुढे आला. न्यूपोर्ट तळ्याकाठची एक इमारत संस्थेने विकत घ्यावी काय? किंमत साडेसव्वीस लाख डॉलर. सार्वमत झाले आणि थोड्या फरकाने होकार मिळाला. इमारत घेतली. मग दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला, सभासद रागावले, आणि शेवटी सगळ्या व्यवहाराची छाननी बाहेरच्या तपासनिसांकडून करून घ्यावी लागली. ती जागा घेणे बरोबर की चूक, यावर तेथल्या लोकांचे दोन पक्ष आहेत, मी त्यात पडत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. फरक थोडा असला म्हणजे घरी राहिलेली मतेच निकाल ठरवतात. आणि दुरुस्तीला किती लागेल, तो आकडा कोणी काढला, हे विचारायचे ते मत देण्याआधी. नंतरच्या प्रश्नाला उत्तर मिळते, पैसा परत मिळत नाही.

मात्र एक चांगलेही सांगते. व्हर्जिनियात घरमालक संस्थांसाठी 1989 सालापासून कायदा आहे. त्यान्वये सभासदाला हिशेबाचे कागद पाहता येतात आणि संचालकांच्या बैठकीत जाऊन बसता येते. म्हणून ही छाननी झाली. कागद कपाटात कुलूपबंद असते, तर नुसती कुजबुज उरली असती.

मैत्रिणींनो, आपल्याकडची तळी, मासुंदा काय, कचराळी काय, उपवन काय, महापालिकेच्या ताब्यात आहेत. त्यांचा गाळ काढायला आपल्याला वर्गणी भरावी लागत नाही. पण पाण्याची टाकी, गच्ची, गटार आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे पन्हळ आपल्या सोसायटीचेच आहेत, आणि आपल्या अंगणातला कचरा गटारातून पुढे कुठे जातो हे पाहणे आपलेच काम आहे. आपला सहकारी संस्थांचा कायदा 1960 सालचा. त्याने समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. 2019 सालच्या दुरुस्तीने अडीचशेपर्यंत सभासदांच्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभाही मिळाली. पण त्या दोन जागांचे आपण काय करतो? पुष्कळ ठिकाणी नाव बाईचे आणि बैठकीला जातात यजमान. सही घरी, चहाच्या कपाशेजारी होते. हे आपणच थांबवले पाहिजे. जागा कायद्याने दिली, खुर्चीवर बसायला मात्र आपल्यालाच जावे लागेल.

फार मोठे काही मागत नाही. वार्षिक सभेपूर्वी जमाखर्चाचे पत्रक येते, ते रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचा. दुरुस्तीच्या रकमेपुढे पेन्सिलीने खूण करा आणि सभेत उभे राहून एक प्रश्न विचारा. आणि पाच वर्षांतून एकदा तरी एखादे काम अंगावर घ्या: टाकी धुतल्याची तारीख लिहून ठेवणे, निवडणुकीच्या मतमोजणीला बसणे, काहीही. हळदीकुंकवाची यादी, भिशीचा हिशेब, सहलीच्या बसचे पैसे आपण पैनपै चोख ठेवतो. ज्यांना हे जमते त्यांना सोसायटीचे दप्तर जड नाही.

गाळ काही एका दिवसात साचत नाही. मूठमूठ माती रोज येते आणि वरून पाणी छान चमकत असते, म्हणून कोणाला दिसत नाही. संस्थाही अशीच उथळ होत जाते: एक न दिलेले मत, एक न वाचलेले पत्रक, एक "जाऊ दे, कोण बोलणार" असे म्हणून सोडलेली सभा. दोन्हीचा उपसा करता येतो, पण तो महाग पडतो. येऊच दिला नाही तर फुकट.

येत्या वार्षिक सभेला आपल्या मंडळातल्या निदान दोघीजणी समितीसाठी अर्ज भरतील, अशी आशा करते.