धारोष्ण दूध आणि शाळेतील मूल



बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, तसेच घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, मेंढपाळांचे कळप चाऱ्यापाण्याच्या शोधात हिंडत असतात. बिऱ्हाड हलले म्हणजे हजेरीपटावर त्या घरच्या मुलांची अनुपस्थिती दिसू लागते व तिचे कारण स्थलांतर असे गृहीत धरले जाते. परंतु बिऱ्हाड गावातच असून मूल येत नसेल, तर त्याच्या तापाची चौकशी अवश्य करावी.

गुराख्याच्या मुलाचा रानातील आहार म्हणजे भाकरी, चटणी आणि दूध. पुष्कळदा शेळीची धार थेट तोंडात घेतली जाते. धारोष्ण दूध बळ देते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दूध बळ देते हे खरेच. पण न तापविलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस या रोगाचे जंतूही पोटात जाऊ शकतात.

या रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक दीर्घ तापाने आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला; पण तो येतो कोठून, हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीझ झॅमिट या स्थानिक डॉक्टरांना तो शेळ्यांत आढळला. त्या शेळ्या दिसावयास निरोगी होत्या. पुढील वर्षी छावणीतील शेळीचे दूध बंद होताच रोग झपाट्याने ओसरला.

आपल्या मुलांचे दूध मात्र बंद करावयाचे नाही. गरीब घरातील तो मोलाचा पोषक आहार आहे. दुधाला चांगली उकळी आणली की हे जंतू मरतात. चिकाचा खरवस आपल्या घरी शिजवूनच खातात. तीच शिस्त रोजच्या दुधाला लावावी. कच्च्या दुधाचे लोणीही निर्धोक नव्हे.

दुसरा धोका विण्याच्या वेळचा. गाभडलेल्या शेळीमेंढीचा गर्भ, वार व स्राव यांत जंतू विपुल असतात. मुलांनी त्यांस हात लावू नये. मोठ्यांनी हात झाकून ते खोल पुरावे, कुत्र्यापुढे टाकू नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेंढीच्या कापलेल्या जनावराची गाठी असलेली फुप्फुसे व काळीज कुत्र्यास खाऊ घातल्यास फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मुलाच्या हातास लागून तोंडावाटे पोटात जातात व यकृतात किंवा फुप्फुसात गाठी करतात. म्हणून जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय शाळेतच लावावी.

ब्रुसेलोसिसचा ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम, सांधेदुखी, थकवा ही त्याची लक्षणे. हिवताप किंवा विषमज्वर समजून त्याकडे दुर्लक्ष होते. असे मूल वर्गात पेंगत बसते व आळशी ठरते! शिक्षकाने अशा मुलास शिक्षा न करता पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धाडावे, आणि घरी शेळ्यामेंढ्या आहेत, त्यांतील काही गाभडल्या आहेत, हे डॉक्टरांस सांगावयास लावावे. त्या एका वाक्याने निदान सुकर होते. उपचार सुमारे सहा आठवड्यांचा असतो. ताप उतरला म्हणून तो मध्येच सोडू नये.

पालकांशी बोलताना त्यांच्या धंद्याची अवहेलना होता कामा नये. जनावरांविषयी त्यांचे ज्ञान शिक्षकाहून अधिक असते. त्यांना विश्वासात घेऊन एवढेच सांगावे: दूध मुलाला जरूर द्या, पण उकळून द्या.