परत पाठवलेला शिधा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात श्रीक्षेत्र कपिलधार मुक्कामी झालेले भाषण)



मन्मथ माउलींच्या समाधीचं दर्शन घेऊन, धारेच्या पाण्यानं हातपाय धुऊन आपण सगळे इथं बसलो आहोत. शंभर वर्षांत ज्यांनी दिंडीला भाकरी दिली, सावली दिली, त्यांचे उपकार सकाळपासून सांगून झाले. एका बाईंचं मात्र सांगायचं राहिलं. त्यांनीही दिंडीसाठी शिधा आणला होता. तो आम्ही घेतला नाही.

वाटेवरच्या एका गावात आपली दुपारची पंगत असते. घरोघर पाळी ठरलेली. त्या वर्षी पाळी एका विधवा बाईंची होती. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, गूळ, सगळं पाटीत भरून त्या देवळापाशी आल्या. तेवढ्यात गावातल्या दोघा-चौघांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "बुवा, हिच्या हातचं खाऊ नका. हिनं गावावर भानामती केलीय. तीन घरच्या पोरी कुत्र्यावानी भुंकायला लागल्यात."

आम्ही काय केलं? पोरींना बघितलं नाही. बाईंना एक शब्द विचारला नाही. शिधा परत पाठवला. बाई काही बोलल्या नाहीत. पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि गेल्या. दिंडी निघाली तेव्हा त्या शिवेवर उभ्या होत्या. वीणेला हात लावायला पुढं आल्या, तर रांग मागं सरकली.

पुढल्या वर्षी त्या घराला कुलूप होतं. त्यांचं रान भावकी कसत होती. पोरी बऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या एकीला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं, दुसऱ्या दोघी आपोआप शांत झाल्या. मग बाईंना का जावं लागलं, असं आम्ही विचारलं. एका म्हाताऱ्यानं जे उत्तर दिलं, ते आजही काट्यासारखं रुततंय. तो म्हणाला, "गावातली निम्मी माणसं म्हणत होती, असं काही नसतं. पण वारकऱ्यांनीसुद्धा शिधा घेतला नाही म्हटल्यावर सगळ्यांची खात्री झाली."

माउली, पुरावा आम्ही दिला!

मराठवाड्याला भानामती नवी नाही. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात, बायका-मुली एकीमागून एक भुंकायला, घुमायला लागतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन राहिले, चौकशी केली. दगड टाकणारा, काडी लावणारा हात घरातल्याच कुणा गांजलेल्या माणसाचा निघतो, हे त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. भुंकणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. ती ढोंग करत नाही. सासुरवास, मारझोड, मनाविरुद्धचं लग्न, कुणाला सांगता न येणारं दुःख, हे सगळं तोंडानं बोलायची मुभा नसली की अंगातून बाहेर पडतं. एकीचं बघून दुसरीला होतं. जांभई जशी एकाची दुसऱ्याला लागते, तसंच हे. यात चेटूक नाही, जादू नाही. त्या बाईला डॉक्टर पाहिजे आणि जवळ बसून ऐकून घेणारं माणूस पाहिजे.

पण गाव डॉक्टरकडं जात नाही, देवऋषाकडं जातं. देवऋषी कारण सांगत नाही, नाव सांगतो. आणि नाव कुणाचं निघतं? पाटलाचं निघत नाही, सावकाराचं निघत नाही. एकट्या बाईचं निघतं. जिला पोरगा नाही, जिच्या रानावर भावकीचा डोळा आहे, जिचं कालच शेजारणीशी भांडण झालंय, तिचं निघतं. सातपुड्याकडं तिला डाकीण म्हणतात, आपल्याकडं करणीवाली म्हणतात. दुखणं खरं असतं, भीती खरी असते, फक्त गुन्हेगार खोटा असतो.

हे आपल्याच देशात होतं असं नाही. अमेरिकेत सेलम नावाचं गाव आहे. तिथं १६९२ साली काही मुलींना झटके यायला लागले. मुलींनी नावं घेतली, कोर्ट बसलं आणि १९ माणसं फासावर गेली. एका म्हाताऱ्यावर दगड रचून त्याचा जीव घेतला. पाच वर्षांनी त्यांतला एक न्यायाधीश, सॅम्युएल सेवॉल, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभा राहिला आणि दोष माझा आहे, असं त्यानं धर्मगुरूंना वाचून दाखवायला लावलं. तरी त्या प्रकरणातल्या एका बाईवरचा ठपका सरकारी कागदावरून पुसायला २०२२ साल उजाडलं. आळ घ्यायला एक दुपार पुरते माउली, आळ उतरवायला तीनशे वर्षंही कमी पडतात.

हे आपल्याला कळायला सेलमपर्यंत जायला नको होतं. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानोबा माउलींना आणि भावंडांना कुणी वाळीत टाकलं? चांगल्या, देवभोळ्या, नेमधर्म पाळणाऱ्या माणसांनीच टाकलं. आईबापांना देह सोडावा लागला. ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो, आणि उठून बाईचा शिधा परत पाठवतो!

आता दुसरी गोष्ट ऐका. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं भिक्षा मागायला गेली होती. मोबाईलवर निरोप फिरत होते, मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. मुलं पळवणारं कुणीच नव्हतं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती, आपल्या चोखोबांच्या आणि दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याकडची. त्या वर्षी आषाढी २३ जुलैला होती. म्हणजे आपण पताका घेऊन अनोळखी गावांत शिरत होतो, त्याच दिवसांतली ही गोष्ट. आपणही अनोळखीच की! आपल्याला गावोगाव पाणी मिळतं आणि त्यांना मरण मिळालं. फरक एवढाच, की आपल्या गळ्यात माळ होती.

जमाव आणि दिंडी, दोन्हीकडं माणसं हजारानं असतात. जमावात कुणी कुणाला विचारत नाही. दिंडीत मात्र समोर माणूस आला की पहिला प्रश्न असतो, "माउली, कुठून आलात? जेवलात का?" हा एक प्रश्न त्या गावात आम्ही विचारला असता, तर एक घर वाचलं असतं.

कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो येणार म्हणताना आपल्यातल्याही अनेकांना वाटायचं, वारी बंद होईल, कीर्तन बंद होईल. तसं काही झालं नाही. वारी, कीर्तन, भजन, प्रवचन यांना कायद्याची आडकाठी नाही. पण करणी केली म्हणून कुणाला मारहाण केली, धिंड काढली, भुताळी ठरवून जगणं अवघड केलं, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

शताब्दीच्या वर्षात दिंडीनं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, कुणाचाही शिधा परत जाणार नाही. गाव नको म्हणालं, तर त्या घरची भाकरी वीणेकरी आणि चोपदार आधी खातील, पंगत मागून बसेल. दोन, वाटेत कुठं बाई घुमताना, भुंकताना दिसली, तर तिला देवऋषाकडं न्यायच्या आधी सरकारी दवाखान्यात न्यायला लावायचं, आणि कुणावर आळ येत असेल तर पोलीस ठाण्यात कळवूनच पुढं निघायचं. तीन, मोबाईलवर आलेला भीतीचा निरोप दिंडीतलं कुणीही पुढं पाठवणार नाही.

त्या बाईंचा शोध आम्ही घेतला. लागला नाही. घर पडलंय, जोतं तेवढं उरलंय. येत्या आषाढीला दिंडी त्या जोत्यापाशी थांबेल. तिथं हरिपाठ होईल आणि सगळ्या गावासमोर आम्ही सांगू, की बाईंनी काही केलं नव्हतं, चूक आमची होती. गावाला राग आला तर येऊ दे. शंभर वर्षं गावोगावची भाकरी खाल्लीय. एवढं बोलायचं धाडस अंगात नसेल, तर ती भाकरी पचली नाही असंच म्हणावं लागेल.

रामकृष्ण हरी!