पॅकेज खराब नाही, प्रोसेसर वेगळा आहे

आजचा भाग जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शंभरेक एमबीचं पॅकेज उतरवलं. इन्स्टॉल करायला गेलात तर मेसेज येतो: पॅकेजचं आर्किटेक्चर एएमडी ६४, सिस्टीमचं आय ३८६, जुळत नाही. मग आपण काय करतो? परत डाउनलोड! दिवसाचा डेटा संपतो, मेसेज मात्र तोच.

फाइल चांगलीच असते, बरं का. मोडीतलं पत्र मराठीतच असतं, पण फक्त देवनागरी येणाऱ्याला ते वाचता येत नाही. प्रोसेसरचंही तसंच. आय ३८६ म्हणजे ३२ बिट. एएमडी ६४ म्हणजे ६४ बिट. नावात एएमडी असलं तरी इंटेललाही हेच चालतं. आणि तुमच्या हातातल्या फोनचा प्रोसेसर बहुतेक आर्म ६४. त्याची लिपीच निराळी.

म्हणून आधी दोन गोष्टी पाहा. टर्मिनलमध्ये टाइप करा: डीपीकेजी, स्पेस, दोन डॅश, प्रिंट, एक डॅश, आर्किटेक्चर. जे उत्तर येईल, त्याच नावाचं पॅकेज घ्यायचं. ही कमांड डेबियन, उबंटू, मिंटवर चालते. मग टाका एलएससीपीयू. ‘सीपीयू ऑप-मोड’च्या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही दिसले, तर प्रोसेसर ६४ बिट आहे, फक्त त्यावर लिनक्स ३२ बिट टाकलंय. अशा वेळी फोटो, नोट्स, सर्टिफिकेटं पेन ड्राइव्हवर घ्या आणि ६४ बिट लिनक्स नव्यानं टाका.

फक्त ३२ दिसलं तर? मग त्या मशीनची मर्यादा ओळखा. लिनक्सवरचं ३२ बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट इन्स्टॉलरच नाही. जुना लॅपटॉप विकत घेणार असाल, तर पैसे द्यायच्या आधी एलएससीपीयू चालवून बघा.

आता दुसरा मेसेज. मशीन ६४ बिट आहे, तरी एपीटी अपडेट करताना येतं: ही रिपॉझिटरी आय ३८६ ला सपोर्ट करत नाही. घाबरू नका, ही नुसती सूचना आहे. वाइन किंवा स्टीमसाठी कधीतरी ३२ बिट चालू केलेलं असतं. त्या रिपॉझिटरीच्या ओळीत ‘डेब’ शब्दानंतर चौकोनी कंसात लिहा: आर्च बरोबर एएमडी ६४. नव्या ‘सोर्सेस’ फाइलमध्ये वेगळी ओळ टाका: आर्किटेक्चर्स, कोलन, एएमडी ६४. सूचना थांबेल.

आणि एक करू नका: ‘फोर्स आर्किटेक्चर’ लावून जबरदस्तीनं बसवणं. पॅकेज बसेल, चालणार नाही, आणि पुढची अपडेटंही अडतील.

तुमच्या मशीननं काय उत्तर दिलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!