ठमीची वही

मी बँकेत छत्तीस वर्षे कारकुनी केली. निवृत्तीनंतर पुन्हा वही उघडावी लागेल, आणि तीही एका कुत्रीच्या शू-शीचा हिशेब लिहायला, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

ठमी आमच्याकडे आली तेव्हा पाचेक वर्षांची होती. जन्म रस्त्यावरचा, अपघातात पाय दुखावल्यावर तीन वर्षे प्राण्यांच्या निवाऱ्यात काढलेली. मुलीने तिला आणले. "बाबा, मोठं कुत्रं आहे, पिल्लासारखा त्रास नाही," असे तिने बजावले होते. पहिल्याच संध्याकाळी ठमीने दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, निवांतपणे कार्यक्रम उरकला.

मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची सुरळी उगारली. कोणीतरी सांगितले म्हणून एकदा तिचे नाकही त्या ओल्या फरशीवर घासले. आज ते सांगतानाही लाज वाटते. यातून ठमी काय शिकली? घरात करू नये, हे नव्हे. या माणसासमोर करू नये, एवढेच ती शिकली. मग सोफ्यामागे, पलंगाखाली, देवघराच्या कोपऱ्यात डबकी सापडू लागली. बाहेर अर्धा तास फिरवले तरी माझ्यासमोर ती काही करेना, आणि घरी येताच सोफ्यामागे जाई. मला वाटे, ही मुद्दाम करते. चेहराच बघा किती अपराधी! पण तो चेहराही फसवा असतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले, की कुत्र्याचा हा 'अपराधी' चेहरा त्याने चूक केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावतो की नाही यावर अवलंबून असतो.

तिसऱ्या आठवड्यात सौ. म्हणाली, "आता पुरे. तिला परत सोडून या." मी निवाऱ्यात फोन केला. सोमवारी आणा म्हणाले. मग तिथला माणूस जरा थांबून बोलला, "काका, मोठं कुत्रं एकदा परत आलं की त्याला पुन्हा घर मिळणं कठीण असतं."

शनिवारी रात्री आई म्हणाली, "अरे, तू दोन वर्षांचा होतास तेव्हा मला कुठे सांगत होतास? मीच वेळ ओळखून तुला मोरीवर न्यायची. तिला घर म्हणजे काय ते तरी कळलंय का?"

मी गप्प झालो. निवाऱ्यात फरशी सिमेंटची. तिथेच खायचे, तिथेच झोपायचे, तिथेच सगळे उरकायचे. मग कोणीतरी पाण्याने धुऊन टाकायचे. तिच्या लेखी आमचा दिवाणखाना तसाच होता. सोमवारी मी ठमीला निवाऱ्यात नेले नाही, पशुवैद्यांकडे नेले. लघवीची तपासणी झाली, संसर्ग नव्हता. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हे आधी करावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांत कुत्र्याला लघवी आवरत नाही. नसबंदी झालेल्या काही माद्यांना तर झोपेत नकळत गळते. त्यावर औषध आहे, शिकवणी नाही.

मग वही उघडली. तारीख, वेळ, जागा. आठ दिवसांत लक्षात आले, की बहुतेक अपघात जेवणानंतर अर्ध्या तासात, दुपारच्या झोपेतून उठल्यावर आणि घरी पाहुणे आल्यावर होतात. म्हणजे चूक वेळापत्रकाची होती, आणि वेळापत्रक माझ्या हातात होते.

जेवणाच्या दोन वेळा ठरवल्या. पाणी मात्र कधीच तोडले नाही. सकाळी उठताच, जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर, रात्री झोपण्यापूर्वी आणि सुरुवातीला मधेही दर दोन तासांनी तिला खाली न्यायचे. सोसायटीच्या भिंतीलगतच्या मातीत, रोज त्याच जागी, पट्टा धरून मुकाट उभे राहायचे. ती बसली की काम संपताक्षणी, तिथल्या तिथे, "शाब्बास" म्हणून चिकनचा तुकडा द्यायचा. घरी येऊन दिलेला खाऊ तिच्या हिशेबी घरी येण्याचा होतो. त्यानंतर थोडे फिरवायचे. काम होताच घरी आणले, तर फिरणे लांबवण्यासाठी कुत्रे ते दाबून धरायला शिकते. शी अर्थातच कागदात उचलून कचऱ्यात टाकायची.

काही केलेच नाही, तर घरी आणून पट्टा स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली न्यायचे. जमीन हुंगत गोल फिरू लागली, खेळता खेळता एकदम थांबली, की चपला घालायच्या. सारे घर तिला एकदम मोकळे करायचे नाही. आपण ज्या खोलीत, त्याच खोलीत ती.

घरात अपघात झालाच, तर ओरडायचे नाही. करताना दिसली तर "चल बाहेर" म्हणत हळूच न्यायचे. नंतर सापडले तर फक्त पुसायचे. पुसण्यातही एक मेख आहे. फिनेलचा वास आपल्याला समाधान देतो, पण खालचा लघवीचा वास कुत्र्याच्या नाकाला येतच राहतो आणि ते त्याच जागी परत जाते. एन्झाइम असलेले क्लीनर मिळते. ते तो वासच नाहीसा करते. अमोनियाचे क्लीनर मात्र टाळावे, कारण त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो.

पहिले दहा दिवस वहीत 'घरात' हा शब्द रोज होता. मग दिवसाआड. सातव्या आठवड्यात तो एकदाच लिहावा लागला, आणि त्या दिवशी उशीर माझाच झाला होता.

जुलैतल्या एका रात्री, दोन वाजता, ओल्या नाकाचा स्पर्श माझ्या हाताला झाला. ठमी दारापाशी जाऊन उभी राहिली आणि मागे वळून माझ्याकडे बघू लागली. बाहेर धो धो पाऊस. मी छत्री घेतली.

त्यानंतर वही लिहिली नाही. पण टाकलेलीही नाही. मोठे कुत्रे घरी आणून आठ-पंधरा दिवसांत हताश झालेले कोणी भेटले, की मी ती वही त्यांच्या हाती देतो आणि एवढेच सांगतो: परत सोडण्याआधी आठ दिवस लिहून बघा.