भिडेवाडा, मुंबई, दिल्ली



पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या मंदिरासमोर भिडेवाडा होता. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. पुढं वाडा मोडकळीला आला. खाली दुकानं मात्र चालू होती. इथं राष्ट्रीय स्मारक व्हावं म्हणून पुणे महापालिकेनं जागेच्या संपादनाचं काम हाती घेतलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथंच राहिलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भाडेकरूंची याचिका फेटाळली. 3 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानंही त्यांची याचिका फेटाळली आणि जागा सोडायला महिन्याची मुदत दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेनं ताबा घेतला आणि एका रात्रीत वाडा उतरवला.

तेव्हा पुण्यात जो तो म्हणत होता, सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. पण खरी लढाई मुंबईत झाली होती. ती तिथं का झाली, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

मालमत्तेचा हक्क 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. तरीही कलम 300 अ सांगतं की, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. ज्यांचं पोट त्या दुकानांवर होतं, त्यांनी न्यायालयात दाद मागितली यात मला काहीही गैर वाटत नाही. स्मारक व्हावं असं ज्यांना मनापासून वाटत होतं, आणि मी त्यांतलाच आहे, त्यांनीही हे मान्य करायला हवं. अशी दाद मागायची जागा म्हणजे कलम 226 खाली उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयात थेट जायचं तर कलम 32 आहे, पण ते फक्त मूलभूत हक्कांसाठी. उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही सरकारला आणि महापालिकेला जाब विचारू शकतं. या बाबतीत त्याचा अधिकार दिल्लीपेक्षाही रुंद आहे.

मग दिल्लीला काय उरतं? कलम 136. उच्च न्यायालयात हरलेला माणूस तिथं अपील करण्याची परवानगी मागतो. त्याला विशेष अनुमती याचिका म्हणतात. परवानगी मिळणं हा कुणाचा हक्क नाही. न्यायमूर्ती पाहतात की इथं आपण हात घालावा असं काही आहे का, आणि बहुतेक वेळा नाही म्हणतात. कारणं न देता अशी याचिका फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं आपलासा केला असं होत नाही. 2000 साली केरळच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. निकाल उच्च न्यायालयाचाच राहतो. म्हणून पक्षकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कागद, पुरावे, युक्तिवाद, सगळी ताकद मुंबईत लावा. दिल्लीत पाहू, या भरवशावर काही शिल्लक ठेवू नका.

मुंबईतून दिल्लीला जाणारी ही वाट आपल्या न्यायव्यवस्थेच्या रचनेतून येते. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि संघराज्याची वेगळी. आपल्याकडे उतरंड एकच आहे. विधिमंडळानं केलेला भाडे नियंत्रण कायदा आणि संसदेनं केलेला भूसंपादन कायदा, दोन्ही एकाच न्यायालयापुढे चालतात. आपलं उच्च न्यायालय तर महाराष्ट्र आणि गोवा अशा दोन राज्यांचं आहे.

या उतरंडीचं शिखर, म्हणजे सर्वोच्च न्यायालय, 1950 साली एकाएकी उभं राहिलं नाही. 1935 च्या कायद्यानुसार दिल्लीत 1937 मध्ये फेडरल कोर्ट सुरू झालं. पहिले न्यायाधीश तीनच: सर मॉरिस ग्वायर, सर शाह मुहम्मद सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. तेच जयकर पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या न्यायालयापुढं आलेला पहिलाच मोठा प्रश्न मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा होता. प्रांतानं 1938 मध्ये पेट्रोलच्या विक्रीवर कर बसवला. हे तर उत्पादन शुल्क, म्हणजे आमचा अधिकार, असं केंद्राचं म्हणणं. न्यायालयानं प्रांताचा कायदा वैध ठरवला. देश पारतंत्र्यात असताना तीन न्यायाधीशांनी केंद्र सरकारचं म्हणणं अमान्य करून प्रांताचा अधिकार राखला, याचा मला फार आदर वाटतो.

केंद्र आणि राज्य, किंवा राज्य आणि राज्य यांच्यातले वाद सोडवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार आज कलम 131 मध्ये आहे. अशा दाव्याला खालचं न्यायालय नसतंच. तो सुरूच सर्वोच्च न्यायालयात होतो. बेळगाव, निपाणी, कारवार या सीमाभागासाठी महाराष्ट्रानं 2004 साली लावलेला दावा याच कलमाखालचा आहे. एवढी वर्षं लोटली, तरी अंतिम निकाल नाही. भिडेवाड्याच्या भाडेकरूंच्या याचिकेला निदान उच्च न्यायालयात पूर्ण सुनावणी मिळाली होती. सीमाभागातल्या माणसाला दुसरं न्यायालयच नाही, म्हणून त्याच्या दाव्याला ठरलेल्या तारखा लागल्या पाहिजेत, आणि ही मागणी महाराष्ट्र सरकारनं प्रत्येक वेळी लेखी, आग्रहानं मांडली पाहिजे.