गळकी झडप

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हृदयाची झडप समजावायला चित्र काढावं लागत नाही. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो. आपण त्याला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतो. त्याची झडप नीट बसली नाही, की पाणी माघारी विहिरीत उतरतं आणि मोटर नुसतीच फिरते. हृदयाच्या डाव्या बाजूला, दोन कप्प्यांच्या मध्ये, अशीच दोन पाकळ्यांची मायट्रल झडप असते. ती गळू लागली की दर ठोक्याला थोडं रक्त उलट फिरतं. चढावर धाप लागते, छाती धडधडते, पाय सुजतात. माणूस म्हणतो, ‘वय झालं.’

फुटबॉल गळला तर आपण आधी वायसर बदलून बघतो. सर्जनही तसंच आधी झडप दुरुस्त होते का ते बघतो. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी १९८३ साली या दुरुस्तीची पद्धतशीर मांडणी केली. पाकळी शिवायची, तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी नवे धागे ओवायचे, सैल घेराला कडं बसवायचं. एरवी यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात. आता निवडक रुग्णांत उजव्या बरगड्यांच्या फटीतून, पाच-सात सेंटिमीटरच्या छेदातून हे काम होतं. हाड शाबूत राहतं, माणूस लवकर कामाला लागतो. मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या काहींना जांघेतल्या शिरेतून चिमटा नेऊन पाकळ्या मध्ये जोडतात.

धातूची नवी झडप बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि वारंवार रक्ततपासणी. आहुप्याहून किंवा घाटघरहून त्यासाठी खाली उतरणं सोपं नाही. म्हणून जमेल तिथे दुरुस्तीच बरी.

पण ती वेळेत हवी. आपल्याकडे पुष्कळदा या दुखण्याचं मूळ बालपणात असतं. घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप झडपेला डागतो. पाकळ्या जाड होऊन आखडल्या, की दुरुस्ती अवघड. अशा मुलाला डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देतात. बरं वाटलं म्हणून ते सोडू नका.

खोडद आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातली क्षीण कुजबुज ऐकतात. छातीतली कुरकुर ऐकायला एक स्टेथोस्कोप पुरतो, खात्री करायला इको. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल, त्या दिवशी पोराला कांदा काढायला ठेवून घेऊ नका.