अकरावीत ग्लोव्हचं काय होतं?



आपल्या शाळेच्या बेसबॉल संघाची पिचर समोर बसली आहे. सकाळच्या सामन्यात तिचा चेंडू आपण सगळ्यांनी पाहिला. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरपासून फलंदाजाकडचं अंतर असतं ६० फूट ६ इंच. टप्पा न पाडता चेंडू हव्या त्या उंचीवर, पुन्हा पुन्हा टाकायचा. ते नुसत्या दंडाचं काम नाही. पाय, कंबर, खांदा, बोटं एका तालात यावी लागतात.

आता ती अकरावीला नांदेडहून लातूरला निघाली आहे. म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कॉलेज, क्लास, रविवारची टेस्ट, अभ्यासिका. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. मीही इंजिनिअरच आहे. पण त्या वेळापत्रकात ग्लोव्ह खाटेखाली जातो आणि 'बारावीनंतर बघू' म्हणता म्हणता दोन वर्षं निघून जातात. खेळाडूचा हात घडण्याची वर्षं नेमकी हीच.

रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. त्यांचा हात लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात तयार झाला होता. म्हणूनच आधी बेसबॉल न खेळलेल्या या मुलांशी २००८ मध्ये अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्सनं करार केला.

आपल्याकडचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवण्यासाठी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चं ते कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं.

आपल्याला घर गहाण ठेवायचं नाही. लातूरला राहणाऱ्यांपैकी कुणीतरी तिच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दीड-दीड तास मोकळा ठेवायला क्लासच्या सरांना सांगा. स्पर्धेमुळे बुडालेला अभ्यास कुणीतरी भरून घ्या. साहित्याचा आणि प्रवासाचा दोन वर्षांचा खर्च माझ्याकडे.

आणि बाळा, डॉक्टर व्हायचं की इंजिनिअर, ते तू ठरव. लातूरला जाताना ग्लोव्ह मात्र बॅगेत सगळ्यात वर ठेव.